सनदेवाचून वकिली

सरकारी वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फौजदारी कोर्टात आरोपीविरुद्ध उभा राहणारा काळ्या डगल्यातील गृहस्थ येतो. परंतु सरकारच्या पदरी दुसऱ्याही एका जातीचे वकील असतात. अनाथ, अज्ञान, निराधार अशांच्या पालनाचा भार ज्या खात्यांवर असतो, त्या खात्यांना कायद्याची बाजू सांगणारे हे लोक होत. त्यांचे नाव सहसा कोठे छापून येत नाही. अशा कामाचा आपल्या देशातील एक फार जुना आणि विलक्षण दाखला नाशिकला जन्मलेल्या एका स्त्रीचा आहे, आणि विशेष हे की, ज्या काळात तिने हे काम केले त्या काळातील बहुतेक वर्षे तिला वकिलीची सनदच नव्हती.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 चा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले; आई पुण्यात शाळा चालविणारी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. त्या यशाबरोबर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती न्यायाने त्यांच्याकडे यावयाची. पण उमेदवार स्त्री आहे, एवढ्यावरून ती नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील काही मंडळींनी वर्गणी जमविली (फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांपैकी एक) आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1892 मध्ये खास ठराव करून विद्यापीठाने त्यांना कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसू दिले. परीक्षा दिली खरी, पण पदवी मिळाली तब्बल तीस वर्षांनी, 1922 मध्ये! मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. 1897 मध्ये झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा 1899 मध्ये झाली. तरी कोर्टाचे दार बंद ते बंदच. काठियावाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे संस्थानी स्त्रियांचे अर्ज मांडण्याची परवानगी तेवढी होती.

आता ज्या अशिलांसाठी ही सारी धडपड, त्यांची स्थिती पाहू. आपल्याकडे जिला गोषा म्हणतात, ती चाल महाराष्ट्रात काही मानी घराण्यांपुरतीच राहिली. बंगाल-बिहारच्या जमीनदारांत मात्र ती कुलशीलाची कसोटीच होती. अशा घरातील स्त्री परपुरुषासमोर यावयाची नाही. म्हणजे वकिलासमोरही नाही, न्यायाधीशासमोरही नाही. तिची जबानी पडद्याआडून व्हावयाची. आत बोलते आहे ती राणीसाहेबच की कारभाऱ्याने पढवून बसविलेली कोणी दासी, हे बाहेरच्याने ओळखावे कसे? कायद्याला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1867 च्या सुमारापासून निकालांतून असे तत्त्व घालून दिले की, दस्तऐवजावर गोषातील बाईची सही किंवा अंगठा आहे एवढ्याने भागत नाही. मजकूर तिला समजला होता आणि तो तिने आपखुशीने मान्य केला होता, हे दस्ताचा लाभ घेणाऱ्याने शाबीत केले पाहिजे. तत्त्व मोठे उदार खरे. पण सही होऊन गेल्यावर, इस्टेट हातची निघून गेल्यावर आणि दावा लावण्याइतके बळ उरले असेल तरच ते उपयोगी पडावयाचे. सहीच्या आधी तो कागद तिला वाचून दाखवील, त्याचा अर्थ सांगील, असे निःस्वार्थी माणूस आत जाणार कोठून?

बंगाली विधवेच्या बाबतीत धोका आणखी निराळा होता, आणि तो मराठी श्रोत्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावयाजोगा आहे. आपल्याकडे मिताक्षरा चाले. एकत्र कुटुंबातील निपुत्रिक विधवेच्या वाट्यास त्या काळी अन्नवस्त्रच येई. बंगालात दायभाग. तेथे निपुत्रिक पतीचा हिस्सा, कुटुंब एकत्र असले तरी, विधवेकडे येत असे. मात्र तो तिच्या हयातीपुरताच. तिच्यामागे तो पतीच्या वारसांकडे जावयाचा. म्हणजे ती जितके दिवस जगेल तितके दिवस दीर-पुतण्यांनी वाट पाहावयाची! शिवाय महाराष्ट्रात विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेवाचूनही दत्तक घेता येई, तसे बंगालात नव्हते. त्यामुळे दत्तविधान झाले की पतीची आज्ञा खरी की बनावट, हा कज्जा ठरलेलाच. अधिक हक्क असलेली स्त्री अधिक सुरक्षित असते असे आपण सहज धरून चालतो. येथे तो हक्कच तिच्या जिवावर उठे.

अशा इस्टेटी सांभाळण्यासाठी सरकारने ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ नावाची व्यवस्था केलेली होती. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे. बंगालात तिचा पाया 1793 च्या रेग्युलेशनने घातला गेला आणि 1879 च्या कायद्याने तिला पुढचे रूप आले. अज्ञान मुले, भ्रमिष्ट, कारभारास असमर्थ ठरलेल्या स्त्रिया यांची जमीनदारी सरकार आपल्या ताब्यात घेई. वर महसूल मंडळ, खाली कलेक्टर आणि त्याने नेमलेला व्यवस्थापक. मुंबई इलाख्यातही 1905 मध्ये असा कायदा झाला. या यंत्रणेत कणव नव्हतीच असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सारा वेळच्या वेळी तिजोरीत पडावा ही चिंता त्या कणवेच्या एक पाऊल पुढेच चालत असे.

या महसुली घरात गोषाच्या आत जाऊ शकेल असा एकही अधिकारी नव्हता. कॉर्नेलियाबाईंनी 1902 च्या सुमारास नेमके यावरच बोट ठेवले आणि स्त्री कायदेसल्लागार नेमण्याचा आग्रह इंग्लंडपर्यंत नेला. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची ‘लेडी असिस्टंट’ म्हणून नेमणूक झाली. थोड्याच वर्षांत बिहार, ओरिसा आणि आसाम हे प्रांतही त्यांच्या कक्षेत आले. हुद्द्याच्या नावात वकील हा शब्द कोठेही नाही, हे पाहण्यासारखे आहे.

काम मात्र वकिलाचे होते, आणि त्याहूनही बरेच काही. आगगाडी, नाव, पालखी असा प्रवास करीत दूरच्या वाड्यांत जावयाचे. पडद्याआड बसून तनखा, दत्तक, वाटणी यांच्या तक्रारी ऐकावयाच्या. सासू आणि विधवा सून यांच्यातील वाद कोर्टात जाण्यापूर्वी मिटवावयाचा. अज्ञान वारसाच्या शिक्षणाची आणि जिवाची काळजी वाहावयाची. त्यांच्या कारकीर्दीत 600 हून अधिक स्त्रिया आणि मुले यांना त्यांचे साहाय्य झाले असे सांगतात.

तथापि खरा पेच निराळाच आहे. ही वकील कोणाची? पगार महसूल मंडळाचा, अहवाल सरकारकडे जावयाचा. विश्वासाने मन मोकळे करावयाचे ते आतल्या बाईने. इस्टेट सरकारच्या ताब्यातून सुटावी अशी तिची इच्छा असली, तर तिचा सल्लागार कोणाच्या बाजूने बोलणार? कॉर्नेलियाबाईंना हा पेच बोचला असेल, पण त्यातून त्यांनी काढलेली वाट मला अपुरी वाटते. साम्राज्यसत्ता ही दुबळ्यांची स्वाभाविक पालक आहे अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून दोन धन्यांत त्यांना विरोधच दिसत नसावा. याच श्रद्धेपायी त्या पुढे गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात गेल्या, आणि कॅथरिन मेयोच्या 1927 मधील ‘मदर इंडिया’ या कुप्रसिद्ध पुस्तकाचीही त्यांनी पाठराखण केली. देशाने त्यांना दीर्घकाळ विसरावे यात नवल नाही. पण मतभेदाच्या रागात ती अठरा वर्षांची पायपीट पुसून टाकणे, हाही इतिहासाशी प्रामाणिकपणा नव्हे.

दरम्यान इतर स्त्रियाही दार ठोठावीत होत्या. रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता हायकोर्टाने 1916 मध्ये फेटाळला; सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्याने 1921 मध्ये नकार दिला. त्याच 1921 साली अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंचे नाव वकिलांच्या यादीत घातले, आणि 1923 च्या कायद्याने केवळ स्त्री म्हणून सनद नाकारण्याची रीत देशभर संपली. सरकारी नोकरी त्यांनी 1922 मध्ये सोडली होती. 1924 पासून त्या कलकत्त्यास उजळ माथ्याने वकिली करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते.

6 जुलै 1954 रोजी त्या लंडनमध्ये निवर्तल्या. बिहारात 1950 मध्ये आणि पश्चिम बंगालात 1953 मध्ये जमीनदारी नष्ट करणारे कायदे त्यापूर्वीच झाले होते. दोनच वर्षांनी, 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, विधवेची ती हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली.