बेने इस्रायल : नात्यागोत्यांतून झालेली समाजबांधणी

बेने इस्रायल हा कोकणातील मराठी भाषक ज्यू समाज. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्हा, मुंबई व ठाणे ही त्याची प्रमुख ठिकाणे. रब्बी नाही, प्रार्थनामंदिर नाही, हाताशी धर्मग्रंथही नाहीत, अशा स्थितीत शतकानुशतके हा समाज टिकला. त्याचे श्रेय घराघरांतील संबंधांनाच द्यावे लागते.

गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावला लागलेली सात जोडपी हे समाजाचे मूळ, अशी परंपरा आहे. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. वस्ती विखुरलेली होती. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर अशा आडनावांवरून माणूस कुठला, कोणाचा हे चटकन कळे आणि सोयरीक जुळवणे सोपे जाई. हिब्रू जवळजवळ विस्मरणात गेली, तरी ‘शेमा’ ही प्रार्थना सुंता, लग्न, मयत अशा प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई.

डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू पाहुण्याने बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली. खवले व पर नसलेले मासे त्यांनी वेगळे काढले, तेव्हा हे लोक ज्यू असल्याची त्याला ओळख पटली, असे सांगतात. धर्माची ही खूण पोथीत नव्हे, चुलीपाशी जपली गेली होती. त्याने तयार केलेले शिष्य ‘काजी’ झाले. ते गावोगाव फिरून विधी करीत, तंटेही मिटवत.

समाजाचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर), शार हरहमीम, मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. ठाण्याचे शार हशामाईम 1879 चे. मुकादम, चौगुला, गबाई हे सिनेगॉगचे मानकरी. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्यामुळे दहावा माणूस न आल्यास उरलेल्यांचीही प्रार्थना अडते. एकमेकांची हजेरी इतकी मोलाची ठरवणारा नियम विरळाच.

मात्र समाज खरा एकत्र येतो तो मलिद्याला. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर घेतले की घरी मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोडा व सुकामेवा घालून ताटात रास करतात, भोवती फळे मांडतात. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करून प्रार्थना गातात आणि आलेल्या प्रत्येकाला प्रसाद वाटतात. ज्यू जगात इतरत्र हा विधी या रूपात आढळत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणून मानलेले स्थान आहे. तिथेही कुटुंबे मिळून मलिदा करतात.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत भारतात 4,650 ज्यू नोंदले गेले. इस्रायलमधील लोद, रामला, अश्दोद, दिमोना या शहरांत कोकणची घराणी पुन्हा शेजारी आली. तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आग्रह धरला. सोयरिकीवर उभ्या असलेल्या समाजाला हा घाव वर्मी लागला. कुटुंबे रस्त्यावर उतरली, दीर्घ आंदोलन झाले आणि 1964 मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघते. इकडे महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातील गावांत आता मोजकी घरे उरली असून समाजाची मोठी वस्ती ठाण्यात आहे.