नॉच-बँड अल्ट्रा-वाइडबँड अँटेना

नॉच-बँड अल्ट्रा-वाइडबँड अँटेना हा अतिशय रुंद वारंवारता-पट्ट्यावर काम करणारा, परंतु त्या पट्ट्यातील ठरावीक भाग स्वतःच्या रचनेनेच अडवणारा लहान आकाराचा अँटेना होय. ‘नॉच’ म्हणजे खाच. आलेखावर अँटेनाचा प्रतिसाद काढला असता अडवलेल्या वारंवारतेपाशी जी खाच दिसते, तिच्यावरून हे नाव पडले. वेगळे फिल्टर सर्किट न जोडता अँटेनाच्या तांब्याच्या थरात चीर पाडून हा परिणाम साधतात.

गरज

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने फेब्रुवारी २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी) उपकरणांना विनापरवाना खुला केला. त्यासाठी प्रत्येक मेगाहर्ट्‌झमागे −४१.३ डीबीएम ही उत्सर्जनाची मर्यादा घातली. संपूर्ण ७.५ गिगाहर्ट्‌झ पट्टा वापरला, तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॅटच्या आसपासच राहते. घरगुती वाय-फाय राउटर सुमारे शंभर मिलिवॅट शक्तीने प्रक्षेपण करतो. त्यामुळे यूडब्ल्यूबी उपकरणाने इतरांना त्रास देण्यापेक्षा इतरांच्या प्रबळ लहरींनी त्याचाच ग्राहक बधिर होण्याचा धोका अधिक असतो.

हा पट्टा रिकामा नव्हताच. भारतातील स्थिती पाहिली, तर २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झ हा भाग ५जी सेवेसाठी विक्रीस ठेवला गेला. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्‌झमध्ये उपग्रहाकडून येणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरी असतात. केबलचालकांच्या छतावरील मोठ्या डिश त्याच पकडतात. ५ गिगाहर्ट्‌झलगतचे वाय-फाय पट्टे २०१८ च्या नियमांनी ५८७५ मेगाहर्ट्‌झपर्यंत विनापरवाना झाले. म्हणजे पेण किंवा रोह्यासारख्या गावातील एका घरातही ५जी फोन, राउटर आणि यूडब्ल्यूबी उपकरण एकाच पट्ट्यात एकमेकांशेजारी येऊ शकतात.

मोठ्या यंत्रणेत या अडचणीवर वेगळा उपाय असतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशवर विस्तृत पट्ट्याचे फीड बसवले आहेत; तेथे नकोशा लहरी गाळणारे फिल्टर अँटेनामागील इलेक्ट्रॉनिक पेटीत स्वतंत्रपणे असतात. हातात मावणाऱ्या उपकरणात तेवढी जागा नसते आणि प्रत्येक जादा फिल्टर हव्या असलेल्या लहरींचाही काही अंश खातो.

मूळ अँटेना

बहुतेक रचनांचा पाया मुद्रित मोनोपोल हा असतो. पीसीबीच्या एका बाजूस वर्तुळाकार, लंबवर्तुळाकार किंवा चौकोनी तबकडी व तिला जोडणारी अरुंद पट्टी, आणि दुसऱ्या बाजूस फक्त पट्टीखालच्या भागापुरता भूतल, अशी ही मांडणी असते. मुंबईतील समीर या संस्थेचे के. पी. रे यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अशा अँटेनाच्या खालच्या सीमेसाठी सोपे सूत्र दिले आहे. तबकडीची उंची, तिच्या क्षेत्रफळाएवढ्या दंडगोलाची त्रिज्या आणि भूतलापासूनचे अंतर यांची सेंटिमीटरमधील बेरीज घेऊन ७.२ ला तिने भागावे. ग्लास इपॉक्सीच्या पीसीबीसाठी त्या बेरजेला आधी सुमारे १.१५ ने गुणावे. त्याच विषयात रे आणि मुंबई आयआयटीचे गिरीश कुमार यांचे ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरील पुस्तक २००३ मध्ये निघाले होते.

उदाहरणादाखल, १ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळासाठी उंची २ सेंमी, दंडगोलाची त्रिज्या ०.२५ सेंमी आणि अंतर ०.१ सेंमी धरल्यास खालची सीमा सुमारे २.७ गिगाहर्ट्‌झ येते. एक रुपयाच्या नाण्याएवढ्या तबकडीत यूडब्ल्यूबीचा खालचा टप्पा असा बसतो.

खाच पाडण्याची रीत

वारंवारता-खाच असलेल्या यूडब्ल्यूबी अँटेनांची कल्पना हान्स शान्त्झ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली. सर्वांत प्रचलित रीत म्हणजे तबकडीत ‘यू’ आकाराची बारीक चीर पाडणे. चिरेची एकूण लांबी त्या माध्यमातील अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली, की तिच्या दोन्ही कडांवरून वाहणारे विद्युत्प्रवाह परस्परविरुद्ध दिशेचे होतात, त्यांचे उत्सर्जन एकमेकांस छेदते आणि ऊर्जा पट्टीतून मागे परतते. इतर वारंवारतांना ती चीर जवळजवळ जाणवत नाही.

ग्लास इपॉक्सीचा परावैद्युतांक ४.४ धरल्यास प्रभावी मूल्य साधारण २.७ होते. त्यानुसार ५.५ गिगाहर्ट्‌झवरील वाय-फाय अडवण्यासाठी सुमारे १६.६ मिमी, तर ३.५ गिगाहर्ट्‌झवरील ५जीसाठी सुमारे २६ मिमी लांबीची चीर लागते. दुसरी लांबी वर दिलेल्या तबकडीच्या २० मिमी व्यासाहून मोठी असल्याने चीर वाकवावीच लागते. एकाहून अधिक खाचा हव्या असल्यास काही चिरा भूतलात किंवा पट्टीत नेतात, अथवा पट्टीजवळ सुटी तांब्याची कडी ठेवतात. चिरा फार जवळ आल्या, तर त्या एकमेकींच्या वारंवारता सरकवतात; दोन-तीन खाचांच्या रचनेत बहुतेक वेळ ही ओढाताण मिटवण्यातच जातो.

मूल्यमापन

प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांत खाचेची खोली बहुधा व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे स्थायी तरंग गुणोत्तर, या राशीने दाखवतात. चालू पट्ट्यात हे गुणोत्तर २ च्या आत असावे लागते. त्या वेळी ११ टक्के शक्ती परत फिरते. खाचेत ते ५ वर गेलेले आलेखात ठसठशीत दिसते, पण प्रत्यक्षात ४४ टक्केच शक्ती परावर्तित झालेली असते आणि उरलेली ५६ टक्के अँटेनात शिरते. केवळ परावर्तनाने शक्ती एक दशांशावर आणायची, तर गुणोत्तर ३८ च्या घरात जावे लागेल. चिरेवरील प्रवाह परस्परांस छेदत असल्याने प्रत्यक्ष उत्सर्जन याहून अधिक घटू शकते, मात्र ते लाभांक मोजूनच कळते. केवळ व्हीएसडब्ल्यूआरचा आलेख देऊन ‘हस्तक्षेप टळला’ असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

साहित्याचा प्रश्नही मोठा आहे. स्वस्त ग्लास इपॉक्सीचा परावैद्युतांक ४.२ ते ४.६ इतका बदलला, तर १६.६ मिमीची तीच चीर ५.६ ऐवजी ५.४ गिगाहर्ट्‌झवर खाच देते. वाय-फायचा पट्टा ५१५० पासून ५८७५ मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरलेला असल्याने एका कडेचा भाग खाचेबाहेर राहू शकतो. खाच रुंद करावी, तर शेजारचा उपयोगी पट्टा गमवावा लागतो. शिवाय खाचेच्या आसपास लहरींना लागणारा विलंब असमान होतो आणि अतिसूक्ष्म स्पंद लांबतो, ही बाब अंतरमापनात जाचक ठरते.

मोबाइल फोनमधील यूडब्ल्यूबी प्रणाली मुख्यतः ६.५ आणि ८ गिगाहर्ट्‌झलगतच्या, सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या वाहिन्या वापरते. त्यामुळे जुन्या वाय-फायशी तिचा थेट सामना टळतो. मात्र ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वाय-फायसाठी विनापरवाना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. या पट्ट्याची वरची कड ६.५ गिगाहर्ट्‌झच्या वाहिनीस केवळ ८०० किलोहर्ट्‌झ अंतर राखून येत नाही, तर तिच्या आत सुमारे १८५ मेगाहर्ट्‌झ शिरते, कारण ती वाहिनी ६२४० मेगाहर्ट्‌झपासूनच सुरू होते. अशा ठिकाणी खाच पाडल्यास वाहिनीचाच भाग कापला जातो.