धुळाक्षरांचा प्रवास

मुलाच्या हाती लेखणी देण्यापूर्वी त्याचे बोट धुळीत फिरवावे, ही रीत या देशात फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत नवा विद्यार्थी आला की लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरली जाई आणि ‘ओनामासीधं’पासून त्याचे शिक्षण सुरू होई. चुकले तर हातानेच पुसावे आणि धूळ पुन्हा सारखी करावी. कागद महाग होता, त्या काळी या सोयीची थोरवी कोणास सांगावी लागत नसे. मात्र मुलाचे बोट धरून ते फिरविणारा हात पंतोजींचा असे, आणि त्याच हातात छडीही असे.

ही साधी रीत एका परक्या माणसाच्या दृष्टीस पडली. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर येथील मुलांच्या आश्रमाचे प्रमुख झाले. एके सकाळी घोड्यावरून जात असता एका देशी शाळेतील मुले वाळूवर बोटांनी अक्षरे काढीत आहेत, असे त्यांनी पाहिले. आपल्या शाळेतही हेच करावे, असे त्यांनी सांगताच तेथील शिक्षकाने हे अशक्य म्हणून हात झटकले. तेव्हा बेल यांनी तो वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपविला. आणि या चिमुकल्या पंतोजीने ते अशक्य काम करून दाखविले!

१७९७ मध्ये बेल यांनी हा प्रयोग लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळेतही लहान मुलांसमोर वाळूची मेजे आली. परंतु या दोघांना मोह पडला तो स्वस्ताईचा. एका गुरूने शेकडो मुले हाताखालच्या मुलांकडून शिकवून घ्यावी, हाच त्या पद्धतीचा अभिमान होता. वाळूचा बोटाला होणारा स्पर्श कोणाच्या फारसा हिशेबात नव्हता.

तो हिशेबात घेतला माँटेसरीबाईंनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह उघडले. लाकडी अक्षरे करवून घेणे जमेना, म्हणून सुतार वापरतात त्या खरखरीत काचकागदाची अक्षरे कापून त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटविली. गरिबीनेच येथेही वाट दाखविली म्हणावयाची! मूल त्या अक्षरावरून बोटे फिरवी आणि त्याच वेळी त्याचा उच्चार ऐके. डोळे मिटूनही त्याला अक्षर ओळखू येई. त्याआधी मुठीच्या ठोकळ्यांशी खेळताना आणि आकृत्यांत रंगीत रेघा भरताना त्याची तीन बोटे लेखणी धरण्यास नकळत तयार झालेली असत.

पुढच्या हिवाळ्यात एका उन्हाच्या दिवशी बाईंनी गच्चीवर पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन धुराडे काढावयास सांगितले. ते काढल्यावर तो क्षणभर थबकला, मग आपल्याला लिहिता येते असे आनंदाने ओरडत त्याने फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता ‘हात’. तोवर त्याला कोणी लिहावयास बसविलेच नव्हते.

हा विचार भारतात आला तो गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून. ते १९२० मध्ये सुरू झाले, आणि तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी येथे बालवाडी काढली. महागड्या साधनांवाचून, शंखशिंपले आणि बिया यांवर तेथील मुलांची बोटे तयार होऊ लागली.

देवनागरीला तर ही तयारी अधिकच हवी. जुन्या ओनाम्याचे पहिले अक्षर ‘ओ’. त्यात वळणे, काना, मात्रा, सारेच आले. कोवळ्या बोटाला याहून अवघड आरंभ शोधून सापडावयाचा नाही. उलट ग, म, भ, न या चौघांच्या उजव्या अंगाला तोच एक उभा काना आहे. तो साधला की डावीकडची वळणे तेवढी उरतात, आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी दिली तरी चालते.