भाड्याचं शॉपिंग कार्ट
2004 साली कॅनडातल्या ओटावात टोबियास लुट्के या जर्मन तरुणाला इंटरनेटवर स्नोबोर्ड विकायचे होते. म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळ्या! बाजारातलं तयार सॉफ्टवेअर त्याने चाचपून पाहिलं, पण दुकान मनासारखं मांडता येईना. गडी मुळात प्रोग्रामर. मालाची यादी, शॉपिंग कार्ट, पैसे भरायची सोय, सगळं साथीदारांसह रुबी ऑन रेल्समध्ये स्वतःच उभं केलं. पुढे फळ्या राहिल्या बाजूला. 2006 मध्ये तेच सॉफ्टवेअर शॉपिफाय नावाने विकायला आलं.

त्याआधी लहान दुकानदार 2000 साली आलेलं ओएसकॉमर्ससारखं फुकट सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून घेई. बिघडलं की निस्तरायचंही त्यानेच. शॉपिफायने ती कटकट काढली. पण दुकान झालं भाड्याचा गाळा, दरमहा पैसे मोजायचे. ओएसकॉमर्सवाल्याकडे निदान सगळा कोड स्वतःचा असे.