धारवाडच्या मुलांवरून आजचा बुद्ध्यांक

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या आईबापांना मुलासाठी बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं असलं, की घाटी रुग्णालय गाठावं लागतं. अशा तपासणीत देशभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक मूळची आपल्याच शेजारची. तिचं नाव बिने-कामत.

तिचं कूळ पॅरिसचं. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्न रचले. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे बिनेंना मुळीच मान्य नव्हतं. १९११ मध्ये ते वारले. पुढे १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी बुद्ध्यांक हा आकडा रूढ केला आणि तो लोकांच्या डोक्यात असा बसला, की बिनेंचा इशारा मागेच पडला.

आज कर्नाटकात असलेलं धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे व्ही. व्ही. कामतांनी हजारावर मुलं तपासून बिनेंची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. १९३४ मध्ये शोधनिबंध आला, १९४० मध्ये पुस्तक.

हिशोब साधा आहे. लहान वयोगटांत प्रत्येक वर्षाला सहा प्रश्न, एका बरोबर उत्तराला दोन महिने. आठ वर्षांच्या पोराने सहाव्या वर्षाचे सगळे, सातव्याचे तीन आणि आठव्याचा एक प्रश्न सोडवला, तर त्याचं मानसिक वय सहा वर्षं आठ महिने, म्हणजे ८० महिने. त्याला ९६ ने भागून १०० ने गुणलं की बुद्ध्यांक ८३.

ही तुलना कुणाशी? १९३०च्या दशकातल्या धारवाडच्या पोरांशी! पिढीगणिक अशा चाचण्यांतले गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. म्हणजे जुन्या मोजपट्टीवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसू शकतं आणि ज्याला खरंच मदत हवी, तेच निसटू शकतं. चाचणी सोयीची आहे खरी, पण इतकी जुनी मापं वापरत राहणं समर्थनीय वाटत नाही.

प्रमाणपत्रासाठी नुसत्या बुद्ध्यांकावर मात्र भागत नाही. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी अमेरिकेतली व्हाइनलँड मोजपट्टी भारतीय मुलांसाठी बेतली. तिच्यात कोडी नाहीत. हाताने जेवतो का, बटणं लावतो का, हे आईला विचारायचं. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी बौद्धिक दिव्यांगत्वाचे टक्के ठरवायला हीच मोजपट्टी धरली.