वेदीवरील कापडी फुलें आणि तीं करणारे हात

महोत्सव म्हटला कीं फुलांचा विचार आधीं मनांत येतो. आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हां सजावटीची जबाबदारी ज्या भगिनींनीं पत्करली त्यांनीं आम्हांस एक साधा प्रश्न केला. "फादर, आम्ही घरीं बसून कापडाचीं फुलें करूं म्हणतों. तीं आल्तारावर चालतील ना?" त्यांच्यांतच एक वृद्ध मावशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आम्ही लहानपणापासून करीत आलों, फादर. चालतील कीं नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं. आणि कोणीं केलीं, हेंही कोणी विचारलें नाहीं."

पहिल्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथ उघडून देतां येण्यासारखें होतें. मावशींच्या बोलण्यानें मात्र आम्हांस विचारांत पाडलें. म्हणून कापडी फुलांचा इतिहास आम्हीं थोडा चाळून पाहिला. त्यांत जें आढळलें तें ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नियमाची गोष्ट. परमपूज्य पोप आठवे क्लेमेंट ह्यांनीं १६०० सालीं बिशपांच्या विधींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत वेदीवरील मेणबत्त्यांबरोबर फुलांचीं पात्रें ठेवण्यास संमति आहे, आणि तीं फुलें सुवासिक ताजीं असावींत अथवा रेशमाचीं केलेलीं असावींत, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हाताच्या फुलास ख्रिस्तसभेनें चारशें वर्षांपूर्वींच आंत घेतलें. आपल्या वसईच्या पट्टींत राहणारास ह्याची आवश्यकता सहज कळणार नाहीं. येथें मोगरा, चाफा, सोनटक्का ह्यांचे भारेच्या भारे वाडींतून निघून दादरच्या बाजारीं जातात. परंतु उत्तर युरोपांत नाताळच्या सुमारास भूमि बर्फाखालीं असते. तेथें बागेंत पानही दिसत नाहीं. अशा देशांत वेदीवर फूल ठेवावयाचें तर तें एखाद्या हातानें घडविलेलेंच असावयाचें.

ते हात बहुधा कोणाचे होते, ह्याचा एक सुंदर पुरावा बेल्जम देशांतील मेखेलेन शहरांत आजही पाहावयास मिळतो. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तयार झालेल्या सात मोठ्या लांकडी पेट्या तेथें आहेत. त्यांस 'बंदिस्त बागा' म्हणतात. गीतरत्नांतील कुंपण घातलेल्या बागेवरून ती कल्पना आली. प्रत्येक पेटींत संतांच्या छोट्या कोरीव मूर्ति व रेशमांत गुंडाळलेले पवित्र अवशेष आहेत, आणि त्यांच्या भोवतीं रेशमी फुलांची दाट गर्दी आहे. तारेवर व चर्मपत्राच्या तुकड्यांवर रेशमाचा धागा गुंडाळून एकेक पाकळी साधिली आहे. ह्या बागा आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या ऑगस्टिनियन धर्मभगिनींच्या रुग्णालयांत शतकानुशतकें जपल्या गेल्या. २०१४ ते २०१८ ह्या काळांत तज्ज्ञांनीं त्यांची डागडुजी केली, आणि आतां त्या तेथील संग्रहालयांत आहेत. पेट्यांच्या झडपांवर कांहीं भक्तांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. धागा गुंडाळणारी कोण, हें तीं चित्रें सांगत नाहींत. तिनें तें मागितलेंही नसेल. कारण तिचें काम प्रार्थनेचाच एक भाग होतें, तेथें घाई नव्हती आणि नगाचा हिशेब नव्हता.

पुढें ही कला मठांतून बाजारांत आली. फ्रान्समध्यें दिदेरो ह्यांच्या प्रसिद्ध विश्वकोशाचे चित्रफलक १७६२ ते १७७२ ह्या काळांत छापले गेले. त्यांत कृत्रिम फुलें करणाऱ्या कारागिराचीं हत्यारें काढून दाखविलीं आहेत. पद्धति मूळची साधी आहे. मलमल, रेशीम अथवा मखमल ह्यांस खळ देऊन तें ताठ करावयाचें. पाकळीच्या आकाराचा लोखंडी ठसा कापडाच्या अनेक घड्यांवर ठेवून मोगरीचा ठोका दिला कीं एकसारख्या पाकळ्या सुटतात. मग कुंचल्यानें रंग द्यावयाचा, कडेला गडद व देंठाकडे फिका, अथवा फूल मागेल त्याप्रमाणें. पाकळी मऊ गादीवर ठेवून तापविलेल्या लोखंडी गोळ्यानें दाबली म्हणजे तिला खोलगटपणा येतो. दोऱ्याचे केसर तारेला बांधून त्यांभोवतीं पाकळ्या एकीमागून एक चिकटवावयाच्या, आणि शेवटीं तारेवर हिरवी पट्टी गुंडाळावयाची. घरीं ठसा नसेल तर कातर पुरते, आणि गोळ्याचें काम गरम केलेल्या चमच्याच्या पाठीनें भागते. आमच्या भगिनी असेंच करितात.

एकोणिसाव्या शतकांत स्त्रियांच्या टोप्यांवर व पोषाखांवर फुलें लावण्याची आवड युरोप व अमेरिकेंत फार वाढली. पॅरिस हें ह्या व्यापाराचें माहेरघर झालें. लंडन व न्यूयॉर्क मागाहून आलीं. आणि येथूनच ह्या इतिहासाचें दुसरें पान उघडतें. तें वाचतांना मन जड होतें.

फुलाबरोबर पान हवेंच, आणि पान हिरवेंगार दिसावें म्हणून त्या काळीं तांबें व सोमल ह्यांपासून केलेला झगझगीत हिरवा रंग वापरीत. रंगाची पूड मुली हातांनीं पानांवर शिंपडीत. ती श्वासाबरोबर आंत जाई, नखांत बसे, भाकरीला लागे. लंडन येथें मॅटिल्डा शूरर नांवाची १९ वर्षांची मुलगी हें काम करी. २० नोव्हेंबर १८६१ रोजीं ती अत्यंत यातना भोगून मरण पावली. मरणापूर्वीं तिच्या डोळ्यांचा पांढरा भागही हिरवा झाला होता, आणि पाहावें तें हिरवें दिसतें असें ती सांगत होती. हें प्रकरण गाजल्यावर हॉफमन ह्या रसायनशास्त्रज्ञानें अशा पानांची तपासणी केली. एका स्त्रीच्या शिरोभूषणांत वीस माणसांचा जीव घेण्यापुरता सोमल असतो, असें त्यानें १८६२ च्या फेब्रुवारींत वृत्तपत्रांतून जाहीर केलें. मग विकत घेणाऱ्या स्त्रिया घाबरल्या. करणाऱ्या मुली मात्र तें विष कित्येक वर्षें हाताळीत होत्या, आणि तोंवर त्याची ओरड फारशी कोणाच्या कानीं गेली नव्हती.

न्यूयॉर्कची हकीकत आम्हां कॅथोलिकांस अधिक जवळची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें कापडी फुलांचा मोठा धंदा होता. दुकानदार कापलेल्या पाकळ्यांचे गठ्ठे देत, आणि बायका ते घरीं नेऊन फुलें जुळवून परत आणीत. मजुरी ग्रोसावर, म्हणजे १४४ फुलांवर, मोजली जाई, आणि ती कांहीं सेंटांची असे. मेरी व्हॅन क्लीक ह्या विदुषींनीं ह्या धंद्याची पाहणी करून १९१३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून दिसतें कीं, हें काम करणाऱ्यांत बहुसंख्य इटलीहून आलेलीं कुटुंबें होतीं. म्हणजे तीं आपल्याच धर्माचीं माणसें होत. सलिव्हन, थॉम्सन, मॅकडूगल ह्या दाट वस्तीच्या रस्त्यांवर तीं राहत. त्याच सलिव्हन रस्त्यावर संत अंतोनीचें भव्य देऊळ आहे, आणि जवळच १८९२ सालीं स्थापन झालेला पोम्पेईच्या मातेचा धर्मग्राम आहे.

लुईस हाइन ह्या छायाचित्रकारानें त्या घरांत जाऊन चित्रें घेतलीं आणि प्रत्येकाखालीं टिपण लिहिलें. एका चित्रांत मेजाभोवतीं सारें कुटुंब फुलांच्या माळा करीत बसलें आहे. टिपण सांगतें कीं, तीन वर्षांची मुलगी फुलाच्या मध्यभागीं केसर बसवीत होती, आणि कधीं कधीं ती रात्रीं ८ वाजेपर्यंत बसे. ९, ११ व १४ वर्षांचीं भावंडें १० वाजेपर्यंत. वाचकहो, तीन वर्षांच्या मुलाचीं बोटें किती लहान असतात, हें आपण बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं नेहमीं पाहतों.

ह्या ठिकाणीं आम्हां धर्मगुरूंसही कांहीं शिकण्यासारखें आहे. परमपूज्य पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालीं कामकऱ्यांविषयीं आपलें विश्वपत्र प्रसिद्ध केलें. योग्य वेतन हा कामकऱ्याचा हक्क आहे, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. मुलांस कोवळ्या वयांत कारखान्यांत घालूं नये म्हणून त्यांनीं वसंतांतील कळ्यांचा दृष्टांत दिला. स्त्रीचें काम घरांत शोभतें, असेंही त्यांत आहे. सेमिनारींत आम्ही तें पत्र आदरानें वाचलें, आणि आजही तो आदर कमी झालेला नाहीं. परंतु न्यूयॉर्कच्या त्या खोल्यांत कारखानाच घरांत येऊन बसला होता. बाहेरून पाहणारास आई मुलांसह फुलें करीत बसलेली दिसे. दृश्य किती गोड! तेथें घंटा नव्हती, मुकादम नव्हता, आणि म्हणूनच काम थांबविणाराही कोणी नव्हता. घराच्या भिंतीआड होतें तें सर्व सुखाचेंच असतें, अशी आपली समजूत असते. ती सोडावयास जगाला फार वेळ लागला. घरीं बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार जिनीव्हा येथील कामगार संघटनेनें संमत केला तो १९९६ सालीं.

तथापि कापडाच्या फुलानें केवळ दुःखच दिलें असें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर उत्तर फ्रान्सचीं गांवें उद्ध्वस्त झालीं होतीं. मादाम आना गेरें ह्या फ्रेंच बाईंनीं तेथील स्त्रियांकडून कापडाचीं लाल पॉपीचीं फुलें करविलीं, आणि १९२१ सालीं तीं ब्रिटनमध्यें पाठविलीं. ११ नोव्हेंबरच्या स्मृतिदिनानिमित्त तीं विकलीं गेलीं, आणि १ लाखाहून अधिक पौंड युद्धांत अपंग व निराधार झालेल्यांसाठीं जमले. पुढच्याच वर्षीं मेजर जॉर्ज हाउसन ह्यांनीं लंडनमध्यें पांच अपंग सैनिकांस घेऊन फुलांचा कारखाना काढला. फूल तेंच, कापड तेंच, तारही तीच. फरक इतकाच कीं, येथें फूल घेणारास तें कोणाच्या हातचें आहे हें ठाऊक होतें, आणि त्या हातांस आधार मिळावा म्हणूनच तो तें घेत होता.

आतां भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. मिस्साविधीच्या ज्या सर्वसाधारण सूचना आज लागू आहेत, त्यांच्या २००२ च्या आवृत्तींत फुलांविषयीं सांगितलें आहे कीं, सजावट बेताची असावी. तीं वेदीच्या पटावर न ठेवतां भोवतीं ठेवावींत. आगमनकाळांत हात राखावा, आणि उपवासकाळांत, ठराविक दिवस सोडून, वेदीस फुलें घालूंच नयेत. मंदिराच्या सजावटींत डामडौल नसावा आणि वस्तु खऱ्या असाव्यात, असाही त्यांत आग्रह आहे. ह्यावरून आमचा निर्णय असा झाला: वेदीपाशीं आपल्या वाड्यांतील ताजीं फुलें, आणि कमानीस, मंडपास व मिरवणुकीच्या पालखीस घरीं केलेलीं कापडी. बाजारांत यंत्रानें केलेलीं प्लास्टिकचीं फुलें स्वस्त मिळतात हें आम्हांस ठाऊक आहे. तीं कोणीं, कोठें, किती मजुरींत केलीं हें मात्र आपणांस ठाऊक नसतें. म्हणून तीं घेतलीं नाहींत.

ह्या निमित्तानें आम्हीं देवळाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. सणांच्या खर्चांत मेणबत्त्या आहेत, तेल आहे, वाजंत्री आहे, मंडपाचे बांबू सुद्धां आहेत. कापडी फुलांपुढें फक्त कापडाची व तारेची किंमत. करणाऱ्यांची ओळ एकाही वर्षीं नाहीं. त्यांनीं मोबदला मागितला नाहीं, म्हणून आम्हीं नोंदही ठेविली नाहीं. प्रेमानें दिलेल्या श्रमास मोल नसतें, हें खरें. पण मोल नसणें वेगळें आणि दखल नसणें वेगळें. मावशींच्या बोलण्याचा अर्थ आम्हांस त्या वह्यांपुढें उमगला, आणि आम्हांस लाज वाटली. ती चूक धर्मगुरूंची होती, आणि त्यांत आम्हीही आलों.

ह्या वर्षीं वहींत नवें पान घातलें आहे. त्यावर फुलें करणाऱ्या प्रत्येक भगिनीचें नांव व तिनें दिलेले दिवस लिहिले जात आहेत. ज्या घरांत रोजाची गरज आहे तेथें काम रोज देऊनच दिलें आहे. भक्तीच्या नांवाखालीं गरिबाचा दिवस फुकट घेणें आम्हांस पटत नाहीं. मुलांनीं हौसेनें केसर लावावेत, पण दिवे लागल्यावर जपमाळ म्हणून निजावें, अशी ताकीद आहे. मावशींचें नांव पहिल्या ओळीवर आहे. तें लिहितांना आम्हीं त्यांस बोलावून दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें, आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखविली; ती आम्हीं लागलीच दुरुस्त केली.

रानांतील फुलें कष्ट करीत नाहींत, तरी शलमोनाहून सुंदर दिसतात, असें प्रभूनें सांगितलें. कापडाच्या फुलामागें मात्र नेहमीं कोणाचे तरी कष्ट असतात. महोत्सवाच्या दिवशीं कमानीखालून आंत येतांना वाचकांनीं क्षणभर वर पाहावें आणि त्या हातांसाठीं एक 'नमो मरिया' म्हणावी, इतकीच आमची विनंति आहे. दयाळू परमेश्वर त्या हातांस आशीर्वाद देवो.