कारीचा वकील

भोरहून रायरेश्वराकडे निघालेली माणसे आंबवड्याजवळ कारीत थांबतात, ती कान्होजी जेध्यांच्या वाड्यासाठी. थांबायलाच हवे. पण याच कारीच्या दुसऱ्या एका माणसाची चौकशी कोणी करत नाही. रोहिडखोऱ्यात इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि रंगो बापूजी गुप्ते हे नाव पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुढे सरकलेले मला दिसले नाही. शिवाजी महाराजांचे सुरुवातीचे साथीदार दादाजी नरसप्रभू देशपांडे यांचे ते वंशज.

दर काही महिन्यांनी टीव्हीवर एक भांडण लागते. एखादा पुढारी लंडनला किंवा अमेरिकेत जातो, तिथे आपल्या सरकारविरुद्ध बोलतो, आणि इकडे गदारोळ उठतो : घरचे गाऱ्हाणे परक्याच्या दारात नेलेच कसे? हे ऐकले की मला रंगो बापूजी आठवतात. त्यांनी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये बसून गाऱ्हाणेच मांडले.

पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. 25 सप्टेंबर 1819 च्या तहात पाचवे कलम होते. परराज्यांशी तर नाहीच, पण आपल्या अंमलाबाहेरच्या कोणत्याही सरदार-जहागिरदाराशीसुद्धा महाराजांनी परस्पर संबंध ठेवायचे नाहीत. याच मुलखात, वेल्ह्याच्या राजगडावरून, मोगल, आदिलशाही आणि टोपीकर या सगळ्यांशी एकेकाळी आपल्या हिमतीवर राजकारण चालले होते. शिवछत्रपतींच्या वंशजाकडे आता गादी राहिली, पण बाहेरच्या जगाशी बोलण्याचा अधिकार गेला. राज्याचा प्राण त्या अधिकारात असतो, असे मी मानतो.

तरी महाराज गप्प बसणारे नव्हते. भोरचे पंतसचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे अशा जहागिरींवर अखेरचा हक्क कोणाचा, यावरून त्यांचे मुंबई सरकारशी बिनसले. म्हणजे आमच्या भोरची जमीनही त्या वादात होती. कंपनीच्या लंडनच्या संचालकांना महाराजांची बाजू पटली होती, पण तो निर्णय मुंबईकरांनी महाराजांपर्यंत पोचवला नाही. उलट त्यांच्यावर आरोप आले : गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी गुप्त पत्रव्यवहार, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवणे. पुरावे दाखवा, उघड चौकशी करा, असे महाराज म्हणत राहिले. ऑगस्ट 1839 मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले आणि त्यांनी अट घातली : गुन्हा कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून काशीला धाडले.

रंगो बापूजी सातारकरांचे वकील म्हणून लंडनला गेले ते या अन्यायाची दाद मागायला. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभा भरत. पाचशे पौंडांचे भाग असले की सभेत बोलता येई, हजारांचे असले की मत देता येई. हिंदुस्थानातल्या कोट्यवधी माणसांच्या नशिबाचा विचार त्या दिवाणखान्यात होई. रंगो बापूजींनी तिथले नियम समजून घेतले. गुलामगिरीविरुद्ध बोलणारा प्रसिद्ध वक्ता जॉर्ज थॉम्पसन त्यांच्या बाजूने उभा राहिला. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम उभे राहिले. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेले लॉडविक यांनीही महाराजांची कड घेतली. रंगो बापूजींनी निवेदने छापली, अर्जांवर अर्ज केले, सभासदांच्या भेटी घेतल्या. तहाचे कलम न् कलम ते कंपनीपुढे ठेवत होते, आणि आधी सुनावणी, मग शिक्षा, हा इंग्रजांचाच कायदा इंग्रजांना ऐकवत होते.

प्रत्येक वेळी मतदानात हार झाली. 1847 मध्ये महाराज काशीलाच वारले. 1848 मध्ये गादीवरचे त्यांचे बंधू आप्पासाहेबही गेले, आणि दत्तक नाकारून गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. धनी गेला, राज्य गेले, डोक्यावर कर्ज झाले, तरी हा माणूस 1853 पर्यंत लंडनमध्ये भांडत राहिला.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लंडनमध्ये कंपनीच्या तोंडावर कंपनीला अन्यायी म्हणणाऱ्या या काळ्या माणसाला कोणी तुरुंगात टाकले नाही. त्याचे कागद छापले गेले, त्यांवर तासन् तास चर्चा झाल्या. त्याच्या राजाला मात्र साताऱ्यात आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती. बोलण्याचा हक्क साहेब आपल्या देशात पाळत होता, आमच्या देशात नाही. जून 1857 मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने छापखान्यांवर निर्बंध आणले, तेव्हा ते पुन्हा दिसले.

तोवर मायदेशी परतलेल्या रंगो बापूजींचा अर्जांवरचा विश्वास उडाला होता. सातारा-कोल्हापूरच्या उठावाच्या तयारीत ते पुढे होते. बेत फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर 17 जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. चौदा वर्षे ज्याने फक्त शब्दांवर भिस्त ठेवली, त्याला बंडाकडे कोणी लोटले, याचे उत्तर मला ऐकून न घेणाऱ्या सरकारातच सापडते.

भोर पुढे संस्थान म्हणून राहिले. प्रचंडगड तालुका, म्हणजे आपले वेल्हे, त्यातच होता. संस्थानी प्रजेची गाऱ्हाणी छापून यायची ती बहुधा पुण्या-मुंबईच्या पत्रांत. 1922 मध्ये संस्थानिकांना वृत्तपत्रांच्या टीकेपासून वाचवणारे विधेयक आले. मध्यवर्ती विधिमंडळाने ते मांडूही दिले नाही, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी खास अधिकार वापरून त्याचा कायदा केला. मार्च 1948 मध्ये भोर मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि दोन वर्षांत संविधानाच्या 19 व्या कलमाने भोर-वेल्ह्याच्या माणसाला बोलण्याचा हक्क मिळाला.

आजच्या वादात रंगो बापूजींना कोणत्याही पक्षाने आपल्या बाजूला ओढू नये. तेव्हा सत्तेचे मूळच लंडनमध्ये होते, म्हणून गाऱ्हाणे तिथे न्यावे लागले. आज सत्ता दिल्लीत आहे आणि ती आपण निवडतो. हा फरक मोठा आहे. पण परदेशात बोलला एवढ्यावरून माणूस देशद्रोही ठरत असेल, तर त्या न्यायाने कारीचा हा वकील पहिला आरोपी ठरेल, आणि 1918 मध्ये लंडनला गेलेले आणि तिथे स्वराज्याची मागणी मांडणारे टिळक दुसरे. मला हा न्याय मान्य नाही. तो काय बोलला, खरे बोलला का, हे तपासा. बोलला कुठे, हे नंतर पाहा.

प्रबोधनकार ठाकरे यांनी 1948 मध्ये ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हे पुस्तक लिहिले. भोर आणि वेल्ह्याच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ते असावे, आणि नववी-दहावीच्या मुलांकडून शिक्षकांनी ते वाचून घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.